मान परदेशी, पोट पेठचं

मी डबल बेस बोलतोय. हे नाव ऐकून तुमच्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांपुढे काहीच आलं नसेल. त्याचं मला वाईट वाटत नाही, सवय आहे. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. तेच वाढत वाढत दरवाजाएवढं झालं, खांद्यावर मावेना म्हणून जमिनीवर उभं राहिलं, असं समजा. मला चार जाड तारा आहेत. वाजवणारा माझ्या शेजारी उभा राहतो, डाव्या हातानं माझी मान धरतो आणि उजव्या हाताच्या बोटांनी तारा ओढतो. माझा आवाज इतका खालचा की लोकांना तो कानाआधी पोटात कळतो.

गाण्यात मी असलो तर कुणाच्या लक्षात येत नाही. नसलो तर मात्र काहीतरी कमी पडतंय असं सगळ्यांना वाटत राहतं. या कामात मी सुखी आहे.

माझ्या जन्माची गोष्ट सांगायला मला फार उशीर झाला, कारण ती मलाच माहीत नव्हती. पहिली तार चढेपर्यंत वाद्याला काही कळत नाही. तोवर ते नुसतं लाकूड. माझी पहिली आठवण माझ्याच आवाजाची आहे. कुणीतरी जाड तार ओढली, माझं सगळं अंग थरारलं, आणि जवळच कुणीतरी बारीक आवाजात खुदखुदून हसलं. ते हसणं पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तार ओढणारा माणूस मात्र पुढे कितीतरी वर्षं माझ्याबरोबर होता. त्यांचं नाव कायतान मास्तर.

मास्तर मूळचे गोव्याचे. देवळाली कॅम्पात त्यांचा बँड होता. शनिवारी हॉलमध्ये नाच असायचा, लग्नसराईत पारशांची आणि ख्रिस्ती लोकांची लग्नं असायची. मास्तर ठेंगणे, पोट सुटलेलं. वाजवताना त्यांचं पोट आणि माझं पोट एकमेकांना टेकायचं. लोक विचारायचे, "मास्तर, हे कुठलं?" मास्तर ऐटीत सांगायचे, "जर्मन!"

माझ्या पोटात एक जुना छापील कागद चिकटवलेला आहे. परदेशी अक्षरं, अर्धीअधिक पुसलेली. माझ्या छातीवरच्या नागमोडी फटीतून बॅटरीचा उजेड टाकला की दिसतो. तो दाखवला की विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं.

पण मंडळी घरची असली, जेवणं झालेली असली, की मास्तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मान परदेशी, पोट पेठचं!" आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे. मास्तरांचं मराठी मोडकंतोडकं. ऐकणाऱ्यांना वाटायचं, ते स्वतःबद्दलच बोलताहेत. मान साहेबासारखी ताठ आणि पोट रविवार पेठेतल्या मिठाईनं वाढलेलं. सगळे हसायचे. मीही तेच समजत होतो.

पुढे देवळालीचे नाच कमी होत गेले. बँडमधली माणसं एकेक करून मुंबईला, कुणी आखातात निघून गेली. त्या दिवसांत रंगनाथ नावाचा एक तरुण दर शनिवारी नाशिकरोडहून सायकल मारत यायचा. एकलहऱ्याला वीजकेंद्र नुकतंच सुरू झालं होतं, तिथे तो फिटर होता. नाचायला नाही, फक्त माझा आवाज ऐकायला यायचा. एकदा मास्तरांनी त्याला माझ्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "ऐकतोस रोज. आता ओढ."

रंगनाथनं तार ओढली. बोटं कामगाराची, घट्टे पडलेली. पण दाब बरोबर होता. मास्तर वर्षभर त्याला शिकवत राहिले, आणि गोव्याला कायमचे परत जायला निघाले तेव्हा मला त्याच्या हवाली करून गेले.

टेम्पोतून मला एकलहऱ्याच्या कॉलनीत उतरवलं तेव्हा बायकांना वाटलं, रंगनाथनं गोल कपाट आणलं. त्याच्या बायकोनं, मंगलाबाईंनी, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हे झोपतं कुठे?" दोन खोल्यांचं क्वार्टर. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. पहिल्याच थंडीत मंगलाबाईंनी माझ्या अंगावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "गार पडलंय हो हे." मग जुन्या लुगड्यांची त्यांनी मला एक गोधडी शिवली. मापं माझ्या अंगावरच घेतली, ब्लाउज शिवताना घेतात तशी. ती गोधडी अजून माझ्याजवळ आहे. तोवर माझ्यासाठी कुणी काही शिवलं नव्हतं.

कॉलनीत ऑर्केस्ट्रा उभा राहिला. तबल्यावर स्टोअरमधला कारकून, हार्मोनियमवर शाळेचे गुरुजी, गायला टर्बाइन विभागातला एक जाडजूड हेल्पर. गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणी निवृत्त झालं की निरोपाला आम्ही वाजवायचो. रंगनाथ सांगायचा, "दिवसभर टर्बाइनची घुर्र कानात असते. घरी येऊन बेसला हात लावला की ती घुर्र सुरात येते." लोक विचारायचे, हे कुठलं वाद्य? रंगनाथ मास्तरांसारखीच ऐट करायचा. "जर्मन!" वीजकेंद्रातल्या परदेशी यंत्रांची ज्यांना रोज काळजी घ्यावी लागायची, त्या माणसांना हे ऐकून फार भारी वाटायचं. आपल्या कॉलनीत एक जर्मन मशीन असं आहे की जे गातं!

या माणसांनी मला वर्षानुवर्षं वाजवलं. कुणी मोठे कलाकार नव्हते. पण पाळी संपवून, अंगावरची राख धुऊन, हात पुसून ते यायचे आणि मगच मला हात लावायचे. याहून मोठा मान वाद्याला काय हवा?

पुढे कीबोर्ड आले. एका बटणात माझ्यासारखा आवाज निघू लागला. ऑर्केस्ट्रा पांगला. रंगनाथ निवृत्त झाले आणि मुलीकडे, मोहिनीकडे, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मीही आलो. सोफ्यामागे कोपऱ्यात उभा राहिलो. माझ्या खुंट्यांना छत्र्या लटकू लागल्या. पाहुण्यांची मुलं माझ्या तारांमध्ये पत्ते अडकवायची. पालीनं माझ्या पोटात अंडी घातली. मी कुरकुरलो नाही. घरात होतो, माणसांत होतो. मंगलाबाई होत्या तोवर दर दिवाळीला माझी गोधडी धुऊन, वाळवून परत माझ्यावर चढवत होत्या. त्या गेल्यावर ते काम मोहिनी करू लागली.

मग एका उन्हाळ्यात दुपारी मोठा आवाज झाला. तारांना उचलून धरणारी माझी घोडी निसटून पडली, छातीची फळी आत दबली, आणि पाठीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. रंगनाथ हॉलमध्ये पेपर वाचत होते. उठून माझ्यापाशी आले, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझ्यासारखंच झालं रे तुझं." ते आता पंच्याऐंशीचे होते. हात थरथरायचे.

नेमक्या त्याच सुमारास गंगापूर धरणाकडे नवा रिसॉर्ट उभा राहत होता. त्याची सजावट करणारा एक गृहस्थ कुणाच्या तरी ओळखीनं घरी आला. बोलायला अगदी सभ्य. मला सगळीकडून पाहून तो मोहिनीला म्हणाला, "मॅडम, खरंच जर्मन असेल तर आम्ही काचेत ठेवू, माहितीची पाटी लावू. पण तसं कुणाकडून तरी तपासून घ्या. जर्मन नसेल तरी हरकत नाही. समोरची फळी काढून आत कप्पे करू. वाइनच्या बाटल्या छान बसतील."

मोहिनी बँकेतून नुकतीच निवृत्त झाली होती. तिनं वडिलांकडे पाहिलं. रंगनाथ म्हणाले, "जर्मनच आहे. बघू दे कुणालाही. काचेत का होईना, नीट राहील. माझ्यानंतर तू कुठे सांभाळत बसशील?"

मी ऐकत होतो. मला काचेचीही भीती वाटली आणि बाटल्यांचीही.

तपासायला उज्वला आली. तिशी उलटलेली, शांत बाई. मिरजेला तंबोऱ्याचं काम शिकली, मग बंगळुरात व्हायोलिन दुरुस्तीचं, आणि आता पंचवटीत तिचं स्वतःचं वर्कशॉप होतं. तिनं छोट्या आरशानं माझ्या पोटात पाहिलं. मग म्हणाली, "उघडावं लागेल. दुरुस्तीसाठीही आणि कळण्यासाठीही."

मला टेम्पोनं पंचवटीला नेलं. गरम पाणी आणि पातळ सुरी घेऊन तिनं सांध्यातला जुना सरस हळूहळू सोडवला आणि माझी छातीची फळी अलगद उचलून बाजूला ठेवली. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटात सगळा उजेड शिरला. लाज वाटली म्हणाल तर वाटली. पण तिचे हात इतके मायेचे होते की थोड्या वेळानं मी ते विसरलो.

दोन दिवसांनी तिनं बाप-लेकीला बोलावलं. रंगनाथ खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी.

"काका, मान जुनी आहे आणि परदेशी लाकडाची आहे," उज्वला म्हणाली. "ती जर्मन असेलही. पण बाकी सगळं वेगळ्या हातचं आहे. पाठ आणि बाजू शिवणीच्या लाकडाच्या आहेत. आपल्याकडच्या जंगलातली शिवण. आणि ही छाती…" तिनं फळी उलटी करून दाखवली. "देवदार आहे. आतून हे काळे आकडे दिसतात? मिलिटरीच्या सामानाची खोकी असायची ना, त्यांच्या फळ्या आहेत."

"खोक्याच्या?" रंगनाथ म्हणाले.

"हो. आणि तो छापील कागद वेगळ्याच लाकडाच्या ढलपीवर आहे. मूळच्या बेसचं पोट फुटलं असणार. त्यातला कागद ढलपीसकट कापून या नव्या पोटात चिकटवलाय."

मोहिनीनं हळूच विचारलं, "म्हणजे हे जर्मन नाही?"

"नाही, ताई."

रंगनाथ काठीची मूठ दाबत राहिले. ज्या गोष्टीचा त्यांनी उभ्या कॉलनीला अभिमान दिला होता, ती खोक्याची निघाली. मला वाटलं, आता मी बाटल्यांचा झालो. त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्यांच्या चेहऱ्याचं.

उज्वला त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. "काका, एक सांगू? असल्या फळ्यांतून मला हे जमलं नसतं. मधे जाड, कडेला पातळ, जिथे जेवढी हवी तेवढीच. हे मापानं केलेलं नाही, टिचक्या मारून, ऐकून ऐकून केलंय. ज्यानं केलं त्याला लाकूड ऐकू येत होतं."

घरी गेल्यावर रंगनाथ काही दिवस गप्पच होते, हे मला मागाहून कळलं. जेवायचे, झोपायचे, पण बोलणं नाही. मोहिनी घाबरली. आणि मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते एकदम म्हणाले, "पेठ! मोहिनी, पेठ म्हणजे रविवार पेठ नाही गं. पेठ तालुका!"

मास्तरांचं ते वाक्य त्यांना आठवलं होतं. मान परदेशी, पोट पेठचं. बाहेरच्यांपुढे मास्तर ऐट मिरवत होते, पण घरच्या माणसांना ते खरं सांगत होते, आणि आम्ही सगळे त्यांच्या पोटाकडे बघून हसत होतो.

"जा तिकडे," रंगनाथ म्हणाले. "केलं कुणी ते शोध. त्या रिसॉर्टवाल्याला सांग, थांब म्हणावं."

मोहिनी आणि उज्वला पेठला गेल्या. बाजारच्या दिवशी विचारपूस केली की या भागात पूर्वी लाकडाचं बारीक काम कोण करायचं. लोकांनी सांगितलं, काम म्हणाल तर बोहाड्याच्या मुखवट्यांचं. उन्हाळ्यात तिकडच्या पाड्यांवर बोहाडा असतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात, त्याला सोंग नाचवणं म्हणतात. आता बरेच मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात, पण आसरपाड्याला जुने लाकडी अजून आहेत, असं कळलं.

परत आल्यावर मोहिनी वडिलांना घेऊन थेट वर्कशॉपवर आली आणि माझ्यासमोरच तिनं सगळं सांगितलं.

"बाबा, मोठं व्हायोलिन म्हटलं तर कुणाला कळेना. शेवटी उज्वलानं दोन्ही हात पसरून आकार दाखवला. तर ओट्यावर नागली पाखडत बसलेली एक आजी सूप खाली ठेवून म्हणाली, 'सारंगी म्हना की. जिच्या पोटात मानूस बसंल अशी सारंगी. माझ्या बानं केली व्हती.'"

"मग?"

"मग पाड्यावरचे सगळे हसले. म्हणाले, कुसाआजी लहानपणापासून हेच सांगते. कुणी खरं मानलं नाही. तिच्या मुलांनीसुद्धा नाही."

रंगनाथ म्हणाले, "त्यांना इथे बोलाव."

कुसाबाई आली ती बुधाला बरोबर घेऊन. बुधा आसरपाड्याची सोंगं सांभाळणारा, पन्नाशीचा माणूस. त्याच्या कडेवर कापडात गुंडाळलेला एक मुखवटा होता. बोहाड्याशिवाय सोंग बाहेर काढायची रीत नाही. पाड्यावरच्या जाणत्यांना विचारून, नारळ फोडून, मग तो निघाला होता. वर्कशॉपमध्ये आल्यावर त्यानं मुखवटा जमिनीवर ठेवला नाही, आधी पाट मागितला.

कुसाबाई सत्तरीच्या पुढची. लहानखुरी, हातात चांदीचे वाळे. तिनं मला पाहिलं. छाती उघडलेली, मान बाजूला काढून ठेवलेली. ती जवळ आली नाही. दाराशीच उभी राहिली.

रंगनाथ उठायला लागले. तिनं हातानं बसा म्हटलं.

"बाई," रंगनाथ म्हणाले, "मी सगळं आयुष्य याला जर्मन म्हणत आलो."

कुसाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "जर्मन म्हंजी पातेली असत्यात ना, पांढरी? ह्ये तर लाकडाचं हाय."

मोहिनीला हसू आवरेना. रंगनाथही हसले. किती दिवसांनी!

मग उज्वलानं विचारलं, "आजी, तुमचे वडील कोणत्या हातानं काम करायचे?"

कुसाबाईनं विचार केला नाही. डावा हात वर केला. "डावऱ्या म्हनायचे त्याला. आजी जेवताना हातावर मारायची, तरी डावाच हात पुढं."

उज्वलानं मोहिनीकडे पाहिलं. तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, पण माझ्या पोटातले पटाशीचे सगळे घाव उलट्या बाजूनं आलेले तिला पहिल्या दिवशीच दिसले होते.

"बुधादादा, मुखवटा पालथा कराल?"

बुधानं वाघाचा मुखवटा हळूच पालथा केला. उज्वलानं खिडकी लावून घेतली आणि एक दिवा आडवा धरला, आधी मुखवट्याच्या आतल्या बाजूवर, मग माझ्या पाठीच्या आत. तिरप्या उजेडात लाकडातली प्रत्येक रेघ उठून दिसू लागली. गोल पटाशीनं खरवडलेले लांब लांब घाव. आणि प्रत्येक घावात, मधापासून एका कडेला जरा सरकून, केसाएवढा उंचवटा.

"पटाशीच्या धारेला इथे खाच पडलेली होती," उज्वला म्हणाली. "जिथे खाच, तिथे लाकूड कापलं जात नाही, बारीक रेघ उरते. मुखवट्यात बघा, त्याच जागी. याच्यात बघा, त्याच जागी. दोन्हीकडे डावा हात. ही एकाच माणसाची पटाशी आहे."

बुधानं मुखवट्याला हात जोडले.

"ह्यो मुखवटा बहिरूबाबाचाच," तो म्हणाला. "पाड्यावर सगळ्यांना म्हाईत हाय. बहिरू भोये."

तर माझ्या बापाचं नाव असं मला कळलं. म्हातारपणी, पोट उघडं पडलेलं असताना, पंचवटीच्या एका वर्कशॉपमध्ये. बहिरू भोये.

कुसाबाईनं मग सांगितलं. बहिरू दरवर्षी भात लावून झालं की गवत कापायला देवळालीकडे उतरायचा. एका साली तो परत येईना. पावसाळा सरला, दिवाळी आली, तेव्हा आला. म्हणाला, एका पोटवाल्या मास्तरची सारंगी ट्रकातून पडून फुटली होती, ती मी नवी केली. मास्तरनं मागच्या पडवीत ठेवून घेतलं, रोज माशाचं कालवण खाऊ घातलं. सारंगी बोलली तेव्हा आम्ही दोघं हसलो. बायकोनं विश्वास ठेवला नाही. पाड्यानं टवाळी केली. पुढच्याच साली तापानं बहिरू गेला.

"मी एवढीशी व्हते," कुसाबाई म्हणाली. "त्याचा फोटू नाय. त्याचं तोंड मला आठवत नाय. ही गोष्ट तेवढी व्हती माझ्यापाशी. पोरं म्हनायची, आज्ये, सपान पडलं असंल तुला. मलाबी वाटाय लागलं व्हतं, सपानच असंल."

माझ्या पहिल्या सुराशी हसलेला तो दुसरा माणूस कोण, हे मला तेव्हा समजलं.

उज्वलानं तिचा हात धरून तिला जवळ आणलं. "आजी, हात घाला आत."

कुसाबाईनं पदराला हात पुसले. मग तळवा माझ्या पाठीच्या आतल्या बाजूवर टेकवला आणि हळूहळू फिरवू लागली. उज्वलानं उघडेपर्यंत इतक्या वर्षांत तिथे कुणाचा हात पोहोचला नव्हता. त्याआधीचा हात कुसाबाईच्या बापाचा. तिची बोटं त्या बारीक रेघांवर अडखळत होती, थांबत होती, परत मागे येत होती.

"आत असं खडबडीत का ठेवलं त्यानं?" तिनं विचारलं.

"आतून कुणी बघत नाही ना आजी. म्हणून घासलं नाही. बाहेरून बघा कसं गुळगुळीत केलंय."

कुसाबाई म्हणाली, "बरं केलं. घासलं असतं तर माझ्यासाठी काय राह्यलं असतं?"

मोहिनी खिडकीकडे वळली. रंगनाथांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

छाती परत बसवण्याआधी उज्वलानं विचारलं, आत नाव लिहायचं का? रंगनाथ म्हणाले, "मी लिहितो." पेन्सिल धरलेला हात थरथरत होता. मोहिनीनं मनगटाखाली हात दिला. 'बहिरू भोये, आसरपाडा' एवढं लिहायला त्यांना फार वेळ लागला. अक्षर वेडंवाकडं आलं. उज्वलानं विचारलं, तो जुना छापील कागद काढून टाकू? रंगनाथ उत्तर देणार तोच कुसाबाई म्हणाली, "राहू द्या की. मान त्याची हाय ना? त्यानंबी केलंच आसंल कष्टानं."

म्हणून माझ्या पोटात आज दोन नावं आहेत. एक कुणाला वाचता येत नाही, दुसरं कुणाला दिसत नाही. दोघांचाही मी ऋणी आहे.

चीर सांधली, नवी घोडी आली, तारा चढल्या. त्या दिवशी कुसाबाई मुद्दाम परत आली होती, या वेळी मुलाला आणि सुनेला घेऊन. मोहिनीनं माझी मान धरली आणि रंगनाथांनी बसल्या बसल्या हात लांबवून सगळ्यात जाड तार ओढली. कितीतरी वर्षांनी मी बोललो. वर्कशॉपमधले टांगलेले तंबोरेसुद्धा गुणगुणले.

सगळे कुसाबाईकडे बघत होते. तिनं मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "छे! बा आसा जाड बोलत नव्हता. त्याचा आवाज बारीक व्हता." मग थोडं थांबून म्हणाली, "पर खोकायचा आसाच."

सगळ्यांना हसू फुटलं. तिचा मुलगा हसता हसता थांबला, पुढे आला आणि आईच्या पाया पडला. त्याला काय म्हणायचं होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं.

रिसॉर्टच्या गृहस्थाला मोहिनीनं फोन करून सांगितलं की वाद्य वाजणार आहे, त्यामुळे देता येणार नाही. तो मनापासून म्हणाला, "मग तर फारच छान." बाटल्यांसाठी त्याला दुसरं काही मिळालं असेल. त्याचेही माझ्यावर उपकारच आहेत. त्यानं 'तपासून घ्या' म्हटलं नसतं तर कुणी मला उघडून पाहिलंच नसतं.

आता मी इंदिरानगरातच आहे, पण सोफ्यामागे नाही. मोहिनी साठीला टेकलेली, रोज सकाळी वडिलांकडून शिकते. रंगनाथ रागावतात, "अंगठा! अंगठा कुठे गेला?" तीही उलट बोलते, "बाबा, मी काही फिटर नाही." तिच्या बोटांना फोड आले, फुटले, आता घट्टे पडू लागलेत. पाहुणे अजून विचारतात, हे कुठलं? रंगनाथ पूर्वीसारख्याच ऐटीत सांगतात, "पेठचं!" ऐट जरा जास्तच असते.

माझं हे सगळं सांगणं तुम्ही ऐकलंत, बरं वाटलं. तुमच्या घरातही कुठेतरी एखादी जुनी पेटी, जातं, पाळणा असेल. ते कुणाच्या तरी हातचं आहे. त्या हाताला नाव होतं आणि कदाचित एखादी लेकही. जमलं तर विचारून बघा. नाहीच कळलं तरी विचारल्याचं त्या वस्तूला बरं वाटेल, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगतो.

यंदा वैशाखात आसरपाड्याच्या लोकांनी मला बोहाड्याला बोलावलं. मोहिनी, रंगनाथ, उज्वला, सगळेच गेलो. मंडपात मला एका खांबाला टेकवून ठेवलं होतं. कुसाबाई शेजारी सतरंजीवर बसली होती. दिवेलागणीला पहिला संबळ घुमला, आणि कुणी हात न लावता माझ्या तारा आपोआप थरथरू लागल्या. मी काय करणार, लाकूडच तसं आहे.

कुसाबाईनं माझ्या पोटावर हात ठेवला. "गप रं," ती हळूच म्हणाली. "आधी गनपतीचं सोंग नाचू दे. मग तुझी पाळी."

मी गप्प राहिलो.